पाचशे वॉटची शांतता

फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा: ८२ लाख ९४ हजार ४००. आता त्या पडद्यावर सेकंदाला १२० चित्रं उमटतात असं धरा. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ शंभर कोटी ठिपक्यांचा रंग नव्याने ठरवायचा! हा ठिपका भिंतीचा की पाण्याचा, त्यावर ऊन आहे की सावली, समोरच्या काचेत पलीकडचा दिवा दिसतोय का, आणि दिसत असेल तर किती फिकट? तुम्ही माउस जरासा हलवलात की हा सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून, तोही सेकंदाच्या १२०व्या भागात. आणि हे घडतं तुमच्या टेबलाखाली.

यापेक्षाही मोठं नवल पुढे आहे. हे काम करणारं यंत्र रात्री हाताच्या अंतरावर असूनही जवळजवळ ऐकू येणार नाही, असं घरच्या घरी जुळवता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊन ‘सायलेंट’ असं छापलेले खोके उचलून आणले की ते आपोआप होत नाही. कुठला भाग किती ताकदीचा घ्यायचा आणि त्याला किती पळवायचं, यातून ते साधतं. त्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारू: संगणकात शिरलेली वीज जाते कुठे?

पंपाने घेतलेली वीज पाणी गच्चीवर चढवते. संगणक काय चढवतो? काहीच नाही. तो आकडे इकडचे तिकडे करतो आणि त्या खटाटोपात आत शिरलेली वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ५०० वॉट आत, ५०० वॉट ऊब बाहेर. तुम्ही जिंकलेली प्रत्येक शर्यत आणि मारलेला प्रत्येक राक्षस शेवटी खोलीतली हवा किंचित तापवून जातो.

ही उष्णता हवेवर लादूनच बाहेर न्यावी लागते. हवा दहा अंशांनी तापू द्यायची असं ठरवलं, तर ५०० वॉटसाठी दर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा कॅबिनेटमधून आरपार जायला हवी. सेकंदाला चाळीस लिटर, तासन् तास! शांत संगणकाचा सगळा प्रश्न एवढाच आहे की ही हवा न गरजता कशी हलवायची.

आणि इथे निसर्ग आपल्या बाजूने उभा राहतो, तोही किती उदारपणे!

पंख्याचा वेग निम्मा करा. हवा किती कमी होईल? निम्मी. पंख्याला लागणारी वीज? निम्मी नव्हे, एक अष्टमांश. आणि आवाज? आवाज वेगाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतो, म्हणजे वेग निम्मा झाला की तो सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज अर्धा वाटतो, त्यामुळे १५ डेसिबल म्हणजे जवळपास एक तृतीयांश. हवा निम्मीच गमावली, आवाज मात्र दोन तृतीयांश गेला.

आता पुढची गंमत. गमावलेली निम्मी हवा परत हवी असेल तर तसाच आणखी एक पंखा निम्म्या वेगाने लावा. दोन सारखे आवाज एकत्र आले की दुप्पट ऐकू येतील असं वाटतं ना? वाढतात फक्त तीन डेसिबल. म्हणजे एक पंखा भरवेगात फिरवण्याऐवजी दोन पंखे संथ फिरवले, तर हवा जवळजवळ तेवढीच आणि आवाज बारा डेसिबलने कमी. मला हे गणित पहिल्यांदा उमगलं तेव्हा खरंच वाटेना. पंखे वाढवून शांतता वाढते!

म्हणून पहिली निवड कॅबिनेटची. ते मोठं घ्या, समोरून जाळीचं घ्या, आणि त्यात १४० मिलिमीटरचे पंखे बसतील असं बघा. १२० च्या पंख्यापेक्षा १४० च्या पंख्याचं क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी जास्त, त्यामुळे तेवढीच हवा तो सावकाश फिरून देतो. आतून फोम चिकटवलेली, समोरून बंद दरवाजाची कॅबिनेटं दिसायला शांत दिसतात, आणि वीज कमी घेणाऱ्या संगणकाला ती शोभतातही. पण ५०० वॉटच्या यंत्राला माझं मत नि:संशय जाळीला. दार बंद केलं की हवा कोंडते, हवा कोंडली की पंखे वेग वाढवतात, आणि मग आतला फोम त्या वेगाला पुरा पडत नाही.

पंख्याकडे जरा नीट बघा. १२० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या पात्याचं टोक ताशी चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असतं. ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीच्या एका नामांकित पंख्यात हे टोक आणि चौकट यांत फट आहे अर्ध्या मिलिमीटरची! फट एवढी अरुंद कशासाठी? तिथून हवा मागे निसटते, भोवरे करते आणि त्या भोवऱ्यांचा आवाज होतो. पण साधं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं फिरून कणाकणाने ताणलं जातं आणि एके दिवशी चौकटीला घासलं असतं. म्हणून त्या पंख्यासाठी सहसा न ताणला जाणारा, लिक्विड क्रिस्टल जातीचा पॉलिमर वापरला आहे. या कंपनीच्या बोधचिन्हात घुबड आहे, आणि ते अगदी योग्य जागी बसलंय. गव्हाणी घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि वरून मखमली लव असते. उंदराला झेप ऐकू येत नाही ती यामुळे. हवेचा मोठा भोवरा होण्याआधीच तो बारीक बारीक तुकड्यांत मोडायचा, ही युक्ती घुबडाला लाखो वर्षांपासून अवगत आहे.

आवाज मोजतो तो आपला कान, आणि तोही थक्क करणारं यंत्र आहे. ऐकू येईल न येईल अशा आवाजाने कानाचा पडदा जेवढा हलतो ते अंतर हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असतं! अशा कानाला फसवणं सोपं नाही. त्याला पसरट, एकसारखी सळसळ चालते. चिकटून राहणारा एक सूर मात्र खुपतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,००० फेऱ्या मारतो तेव्हा सुमारे ११७ हर्ट्झचा सूर निघतो. शेजारचा पंखा १,०३० फेऱ्यांवर असेल तर त्याचा सूर सुमारे १२० हर्ट्झ. हे दोन सूर एकमेकांत मिसळून सेकंदाला तीन-चार वेळा ‘वंऽव वंऽव’ असे हेलकावे घेतात. दोन्ही पंखे एकेकटे शांत, एकत्र आले की डोकं उठवतात. अशा वेळी एकाचा वेग शंभरेक फेऱ्यांनी बदलून पाहा, हेलकावे विरून जातात.

आता हवेकडून उष्णतेच्या उगमाकडे जाऊ. इथे आकडे अंगावर येतात.

एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये आठही कोअर ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आहेत त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मिलिमीटर, बोटाच्या नखाएवढं. पूर्ण कामाला लागला की त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून एक वॉटपेक्षा जास्त उष्णता निघते. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर साधारण हजार वॉट ओततं. दोन्ही एकाच मापाने मोजा: त्या नखाएवढ्या तुकड्यातून उन्हाच्या हजारपटीहून दाट उष्णता बाहेर पडते. ती तिथून हलली नाही तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो.

तिला हलवतं कोण? तुम्ही प्रोसेसरवरचा कूलर उघडून पाहिलात तर अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत दिसेल आणि तिच्यातून गेलेल्या तांब्याच्या चार-सहा नळ्या. बघणाऱ्याला वाटतं, भरीव तांबं असेल. त्या पोकळ आहेत! आतली हवा काढून टाकलेली, अगदी थोडं पाणी घालून तोंड कायमचं बंद केलेलं, आणि आतल्या भिंतीला तांब्याच्या भुकटीचं सच्छिद्र अस्तर. हवाच नसल्यामुळे त्या पाण्याला उकळायला १०० अंश लागत नाहीत, चाळीस अंशांवरही ते वाफ होतं. प्रोसेसरच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ नळीतून गार टोकाकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं, आणि ते पाणी सच्छिद्र अस्तरातून झिरपत पुन्हा तळाशी येतं. ना पंप, ना वीज, ना हलणारा एकही भाग.

माठातलं पाणी गार होतं ते माठाला बाहेरून सुटलेला ओलावा वाफ होताना उष्णता घेऊन जातो म्हणून. कूलरमधली ही नळी, म्हणजे हीटपाइप, हाच माठ आहे, फक्त गेलेली वाफ परत बोलावणारा. आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला किती उष्णता लागते ठाऊक आहे? सुमारे २,४०० ज्यूल. म्हणजे शंभर वॉट वाहून न्यायला सेकंदाला ग्रॅमचा पंचविसावा भाग पाणी पुरतं, जेमतेम एक थेंब! प्रोसेसरची सगळी आग सेकंदाला एका थेंबाच्या ये-जा करण्यावर शांत होते.

या कल्पनेवर १९४० च्या दशकात एक पेटंट निघालं आणि ती पडून राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अॅलॅमॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून कामाला लावली, अंतराळातल्या उपकरणांची उष्णता हलवण्यासाठी. सच्छिद्र अस्तरातून पाणी केशाकर्षणाने चढतं, त्याला गुरुत्वाकर्षणाची गरज नाही, म्हणून ती तिथे चालते. यानासाठी घडवलेली नळी आज बाजारातल्या अगदी परवडणाऱ्या कूलरमध्ये सहा-सहाच्या संख्येने येते.

म्हणूनच पाण्याच्या पाइपांचा, पंपाचा लिक्विड कूलर दिसायला देखणा असला तरी अशा प्रोसेसरसाठी मी दुहेरी मनोऱ्याचा एअर कूलर सुचवेन. पंप म्हणजे आवाजाचा आणखी एक उगम, आणि तो कधी थांबत नाही. फक्त कूलरची उंची मोजा: मोठे कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतात आणि कॅबिनेटचं झाकण बसलं पाहिजे. मध्ये थर्मल पेस्टचा थर विसरू नका. दोन गुळगुळीत दिसणाऱ्या धातूंमध्ये सूक्ष्म खळगे असतात, त्यांत हवा राहते, आणि हवा तांब्यापेक्षा सुमारे पंधरा हजारपट वाईट वाहक आहे. वाटाण्याएवढी पेस्ट ती हवा हुसकावते.

याच प्रोसेसरचं नाव का घेतलं? कारण तो थोड्या विजेत गेम पळवतो, आणि तो ते कसं करतो ते ऐकण्यासारखं आहे. त्याचं घड्याळ सेकंदाला सुमारे ५२० कोटी टोले देतं. दोन टोल्यांमधल्या वेळात प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटर जाऊ शकत नाही! रॅम मदरबोर्डवर त्याहून फार लांब नाही, पण तिथून माहिती शोधून आणायला कित्येकशे टोले वाया जातात. प्रोसेसर तेवढा वेळ ताटकळतो. मग माहिती जवळच ठेवली तर? म्हणून सिलिकॉनच्या एका चकतीवर दुसरी चकती चढवून, दोन्हींवरचे तांब्याचे ठिपके मधे डाखाचा कणही न घालता थेट एकमेकांना जोडून, ६४ मेगाबाइटची जादा कॅशे बसवली. एकूण झाली ९६. जमिनीवर जागा उरली नाही म्हणून मजला चढवला.

पहिल्या पिढ्यांत हा मजला वर होता, म्हणजे तापणाऱ्या कोअरच्या डोक्यावर. उष्णतेला कूलरपर्यंत जायची वाट त्याने अडवली, त्यामुळे वेग मुद्दाम आवरता घ्यावा लागायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ९८००एक्स३डीमध्ये तो चक्क उलटा केला. कॅशे खाली, कोअर वर, कूलरच्या थेट खाली. एवढी साधी वाटणारी अदलाबदल! पण आता कोअरला लागणारी सगळी वीज आणि सगळे संदेश त्या खालच्या चकतीला आरपार भोकं पाडून वर न्यावे लागतात. ते जमलं म्हणून वेग वाढला आणि उष्णतेची वाटही मोकळी झाली. गेम खेळताना या प्रोसेसरला बहुधा शंभर वॉटही लागत नाहीत.

उरलेल्या विजेवर हक्क सांगतं ते ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०८० मध्ये ३७८ चौरस मिलिमीटरवर ४,५६० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर बारा कोटी. त्याची मर्यादा ३६० वॉट. त्याच्यावरचं ५०९० हे ५७५ वॉट घेतं आणि ते विलक्षण आहे, पण शांतता हवी असेल तर मी एक पायरी खालीच थांबेन. कार्ड निवडताना चिप तीच असली तरी कूलर कुणाचा मोठा ते पाहा: जाड, वजनदार, तीन पंख्यांचं आणि कमी तापमानाला पंखे पूर्ण थांबवणारं. २००३ मध्ये याच कंपनीचं एफएक्स ५८०० अल्ट्रा हे कार्ड इतकं गरजायचं की कंपनीने स्वतःच त्या आवाजावर एक विडंबनपट बनवला. त्या कार्डापेक्षा कितीतरी पट जास्त वीज खाणारी आजची कार्डं कुजबुजतात, ती पुन्हा त्याच दोन गोष्टींमुळे: वाफ होणारं पाणी आणि संथ, मोठे पंखे.

आणि इथे निसर्गाची दुसरी उदार देणगी. ट्रान्झिस्टरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि वर घड्याळाच्या वेगानेही वाढते. व्होल्टेज दहा टक्के आणि वेग पाच टक्के उतरवला तर हिशेब काय येतो? ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९५, म्हणजे ०.७७. वेग पाच टक्के गेला, उष्णता तेवीस टक्के गेली! कंपन्या कार्ड विकताना शेवटच्या दोन-चार टक्क्यांसाठी त्याला चढणीच्या अगदी उभ्या टोकावर नेऊन ठेवतात. तुम्ही सॉफ्टवेअरमधून वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणा. बहुतेक गेममध्ये वेगातली घट एकआकडी टक्क्यांतच राहते आणि डोळ्याला ती कळणंही कठीण. मग पंखे मंदावतात, आणि मंदावलेल्या पंख्याचा आवाज कसा कोसळतो ते आपण पाहिलंच. एक वळण दुसऱ्या वळणाला जाऊन मिळतं आणि शांतता दुप्पट हाती येते. सगळ्या जुळणीत पैसा न घालता मिळणारी सगळ्यात मोठी कमाई हीच.

एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घेताना लोक हात आखडता घेतात. घेऊ नका. ५०० वॉट पुरवताना ९२ टक्के कार्यक्षम एसएमपीएस स्वतःपाशी ४३ वॉट उष्णता करतं, ८२ टक्क्यांचं मात्र ११० वॉट. तो फरक त्याच्या इवल्या पंख्यालाच सोसावा लागतो. एसएमपीएस साधारण निम्म्या भारावर सगळ्यात कार्यक्षम असतं, म्हणून ८५० वॉटचं, कार्यक्षमतेच्या ‘गोल्ड’ किंवा त्याहून वरच्या दर्जाचं घ्या. हलक्या कामात त्याचा पंखा फिरतच नाही. साठवणीला एसएसडी, ज्यात हलणारं काहीच नाही. मदरबोर्ड मधल्या किमतीचा पुरे, पंख्यांचे वेग नीट ठरवता येतील एवढं पाहा.

आपल्याकडच्या हवेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. कुठलाही एअर कूलर भागाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानाच्या वर किती अंश हे ठरवतो. नाशिकच्या डिसेंबरात पहाटे १२ अंश आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी ४५ अंश, या दोन टोकांत तेहतीस अंशांचा फरक आहे, आणि तो जसाच्या तसा चिपपर्यंत पोचतो. म्हणून पंख्यांची सेटिंग हिवाळ्यात बसवली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. उन्हाळ्यात डोक्यावर सीलिंग फॅन फिरत असतो, त्याच्या घरघरीखाली संगणक तसाही झाकला जातो. खरी परीक्षा थंडीतल्या रात्रीची. आणि धूळ! हवा आत ढकलणारे पंखे बाहेर काढणाऱ्यांपेक्षा थोडे वरचढ ठेवा. मग कॅबिनेटच्या प्रत्येक फटीतून हवा बाहेर निसटते आणि धुळीला आत यायला गाळणीची एकच वाट उरते. ती गाळणी महिन्यातून एकदा झटकली की झालं.

एवढं सगळं जमलं की कधी कधी एक नवाच आवाज ऐकू येतो, पंखे गरजत असताना जो कधी कळलाच नसता: बारीक, चिरका, किणकिणता. तो विजेचा आहे! कार्डावरच्या तारांच्या वेटोळ्यांतून प्रवाह सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होतो, चुंबकीय बल त्यांना तितक्याच वेळा ओढतं आणि वेटोळं थरथरतं. गेमच्या साध्या मेनूवर तो सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण तिथे चित्र सोपं असतं आणि मोकाट सोडलेलं कार्ड सेकंदाला शेकडो चित्रं काढत सुटतं, जी तुमच्या पडद्याला दाखवताही येत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन चित्रांची मर्यादा पडद्याच्या वेगाएवढी, समजा १२०, करा. किणकिण बहुधा उतरते, आणि मेनूवर जळणारे कित्येक वॉटही वाचतात.